कावळा, फांदी आणि सातवीतलं गणित

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. योगायोगासाठी ही म्हण आपण सहज वापरतो. सांगायचं इतकंच असतं की दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं नाही. उगाच कावळ्याला बोल लावू नका. म्हण शहाणी आहे. पण ती दोन प्रश्न विचारायचे राहून जाते. फांदी किती कुजली होती? आणि त्याआधी तिच्यावर किती कावळे बसून, काहीही न होता, उडून गेले होते?

१५ जून २०२५ च्या रविवारी दुपारी तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला. पावसाळी रविवार, नदीला पाणी, पुलावर पर्यटकांची गर्दी. चार माणसं गेली, पन्नासहून जास्त जखमी झाली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

त्यानंतर आमच्या गावात चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तीनच वाक्यं फिरत होती. 'वेळ आली होती.' 'लोकांनाच अक्कल नाही.' 'प्रशासन झोपलं होतं.' पहिल्यात दोष कुणाचाच नाही, दुसऱ्यात मेलेल्यांचा, तिसऱ्यात अधिकाऱ्यांचा. प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे एक वाक्य उचलत होता.

मला त्यातल्या दुसऱ्या वाक्याचा त्रास होत राहिला. आदल्या रविवारी त्याच पुलावर उभं राहून फोटो काढून, भजी खाऊन घरी परतलेल्यांना कुणी बेअक्कल म्हटलं नव्हतं. त्यांनी जे केलं तेच या माणसांनी केलं. मग वेडेपणा कृतीत होता की निकालात?

तत्त्वज्ञानात या कोड्याला 'नैतिक नशीब' म्हणतात. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी १९७६ मध्ये त्यावर लिहिलं. दोन ड्रायव्हर सारख्याच निष्काळजीपणे गाडी चालवतात. एकासमोर अचानक मूल येतं, दुसऱ्यासमोर येत नाही. पहिल्याला आपण गुन्हेगार म्हणतो. दुसऱ्याकडे बघतही नाही. फरक फक्त नशिबाचा आहे, आणि नशिबावर तर कुणाचा ताबा नसतो. मग आपण नेमका कशाचा न्याय करतो?

माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर शाळेच्या गणितात आहे. आणि ते आपण मुलांना फार उशिरा देतो.

सहावीतल्या मुलांना काय माहीत असतं

राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये पाचवं प्रकरण 'संभाव्यता' असं आहे. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश, घटना. शब्द चांगले आहेत, प्रकरणही सोपं आहे. पण ते येतं बोर्डाच्या वर्षात. तेव्हा मुलांसमोर एकच प्रश्न असतो: यावर किती मार्कांचं येतं?

मी रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतल्या सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवतो. फी नाही, पोर्शन नाही. त्यामुळे मला वाटेल ते शिकवता येतं. मुलांकडे संभाव्यता कोरी नसते. सापशिडीत सहा पडायला किती वाट बघावी लागते हे त्यांना माहीत असतं. 'दादा, तीनदा छापा आला, आता काटा येणारच ना?' हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये ऐकू आला आहे. म्हणजे सिद्धांत त्यांच्याकडे आधीच असतो. फक्त तो चुकीचा असतो. नाण्याला आठवण नसते, ही गोष्ट त्यांना ऐकून पटत नाही. शंभर वेळा नाणं उडवून, वहीत लिहून, सलग तीन छापांनंतर काय आलं ते मोजलं की मग पटते.

दुसरा अडथळा दोन नाण्यांचा. दोन नाणी उडवली तर किमान एक छापा येण्याची शक्यता किती? बहुतेक मुलं म्हणतात, तीनात दोन. दोन छापे, एक छापा, शून्य छापे. तीन प्रकार, त्यातले दोन आपल्या कामाचे. यावर हसू नये. अठराव्या शतकात दालाँबेर या फ्रेंच गणितज्ञानं विश्वकोशात याच प्रश्नाचं उत्तर तीनात दोन असंच दिलं होतं. बरोबर उत्तर चारात तीन, कारण 'पहिलं छापा, दुसरं काटा' आणि 'पहिलं काटा, दुसरं छापा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं नाणं हातात दिलं, की बारा वर्षांच्या मुलीला हे दोन मिनिटांत दिसतं.

इथून संयुक्त घटना सुरू होतात. त्यात शिकवायचे शब्द तीनच: 'किंवा', 'आणि', 'किमान एकदा'. 'किंवा' मुलांना लवकर जमतं. बाकीचे दोन शब्द मात्र मोठ्यांनाही जड जातात, आणि माझ्या मते खरी नीती त्या दोघांतच आहे.

'आणि'चा गुणाकार

'आणि' म्हणजे गुणाकार. फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक, दोन फाशांवर दोन सहा पडण्याची छत्तिसात एक. पण एक अट आहे: दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. पुस्तकात ही अट एका ओळीत येते आणि मुलं ती ओलांडून पुढे जातात.

ब्रिटनमध्ये सॅली क्लार्क या बाईची दोन तान्ही मुलं, एक १९९६ मध्ये आणि दुसरं १९९८ मध्ये, अचानक गेली. तिनंच मारली असा खटला चालला. साक्षीला आलेल्या नामांकित बालरोगतज्ज्ञानं सांगितलं की अशा कुटुंबात एक बाळ असं अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. दोन दगावण्याची? त्या आकड्याचा वर्ग: सुमारे सात कोटी तीस लाखांत एक. १९९९ मध्ये तिला जन्मठेप झाली. दोन सख्ख्या भावंडांचे जीन्स सारखे, घर सारखं, हवा सारखी. तिथे 'स्वतंत्र' हा शब्द कुठून आला? रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीला जाहीर पत्रक काढून ही चूक दाखवावी लागली. २००३ मध्ये ती सुटली. २००७ मध्ये ती वारली.

ही गोष्ट मी सातवीतल्या मुलांना सांगतो. फाशांवर गुणाकार चालतो आणि घरातल्या माणसांवर चालत नाही, हे एकदा कळलं की ती अट कुणी विसरत नाही.

माझ्या नोकरीत हीच अट रोज भेटते. एक सर्व्हर बंद पडेल म्हणून आम्ही दुसरा ठेवतो. दोन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता कागदावर अगदी नगण्य. पण दोघांचा वीजपुरवठा एकाच तारेवर असेल, तर तो गुणाकार ही आपणच आपल्याला घातलेली टोपी आहे. पुलाचंही तसंच. पाऊस, रविवार, गर्दी, गंजलेलं लोखंड: 'चारही गोष्टी एकदम जुळून आल्या, किती दुर्मीळ!' असं म्हणता येत नाही. पाऊस पडतो म्हणून नदी भरते, नदी भरते म्हणून लोक येतात, रविवार असतो म्हणून सगळे एकदम येतात. या घटना एकमेकींचा हात धरून येतात. त्यांना योगायोग म्हणणं हा चुकलेला गुणाकार आहे.

'किमान एकदा' आणि त्याचा मालक

१६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्यात जुगारावरून पत्रव्यवहार झाला आणि तिथून संभाव्यतेचं शास्त्र सुरू झालं असं मानतात. त्या काळचं एक प्रसिद्ध कोडं असं: एक फासा चार वेळा टाकला तर किमान एकदा सहा पडण्यावर पैज लावावी का? थेट मोजायला अवघड आहे, म्हणून उलट मोजायचं. एकदाही सहा न पडण्याची शक्यता पाच षष्ठांश गुणिले स्वतःशी चार वेळा, म्हणजे १२९६ मध्ये ६२५. उरलेले ६७१ आपले. साधारण ५१.८ टक्के. पैज लावायला हरकत नाही. पण दोन फासे चोवीस वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर सहा पडण्याची शक्यता ४९.१ टक्के. तिथे हळूहळू दिवाळं निघणार.

आता हेच गणित पुलावर आणू. आकडे कल्पित आहेत. समजा एखाद्या जुन्या पुलावर कुठल्याही एका रविवारी दुर्घटना होण्याची शक्यता पाचशेत एक आहे. एक पर्यटक वर्षातून एकदा तिथे येतो. त्याच्यासाठी तो दिवस ९९.८ टक्के सुखरूप आहे. त्यानं घाबरावं असं त्याच्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण त्या पुलाला वर्षाला ५२ रविवार आहेत. दहा वर्षांत ५२०. त्यात किमान एकदा दुर्घटना होण्याची शक्यता किती? सुमारे ६५ टक्के. आणि हेही धोका दर रविवारी तेवढाच राहतो असं धरून. खऱ्या लोखंडाला गंज चढतो, म्हणजे धोका वाढतच जातो.

हे गणित करताना एका सातवीतल्या मुलीनं विचारलं, 'मग दादा, पूल धोकादायक आहे की नाही?' पर्यटकाच्या बाजूनं बघितलं तर फारसा नाही, पुलाच्या बाजूनं बघितलं तर भयंकर. दोन्ही उत्तरं एकाच पुलाची आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत.

नैतिक नशिबाच्या कोड्याचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं. धोक्यात दोन आकडे असतात. एक, एका खेपेला किती शक्यता. दोन, खेपा किती. पर्यटकाला फक्त पहिला आकडा दिसतो, तोही अंधूक. दुसरा आकडा दिसतो तो पूल सांभाळणाऱ्याला. सगळे रविवार त्याचे असतात. तेव्हा जबाबदारी सारखी वाटता येत नाही. ज्याच्या हिशोबात जास्त खेपा, त्याच्या खांद्यावर जास्त भार. फलक लावणं म्हणजे स्वतःचा ६५ टक्क्यांचा प्रश्न ०.२ टक्केवाल्याच्या गळ्यात घालणं. वाचणारा प्रामाणिकपणे म्हणतो, 'आजच काय होणार आहे!' आणि बहुतेक वेळा त्याचं म्हणणं खरं निघतं.

पर्यटक पूर्ण सुटत नाही. शंभर जण उभे असताना एकशे एकावा म्हणून चढणं, वर दुचाकी घालणं, यानं पहिला आकडा त्याच क्षणी वाढतो, आणि तो सगळ्यांसाठी वाढतो. पण तिथेही न्याय कृतीचाच करायचा. आदल्या रविवारी दुचाकी घालून सुखरूप परतलेला माणूसही तेवढाच दोषी आहे. त्याला कुणी दोष देत नाही, कारण त्याची बातमी झाली नाही. 'काही झालं नाही' हा सुरक्षिततेचा पुरावा धरण्याची आपल्याला सवय आहे. हेल्मेट न घालता दहा वर्षं गाडी चालवली, काही झालं नाही. लोकलच्या दारात लोंबकळत रोज चिंचवडला गेलो, काही झालं नाही. म्हणजे फांदी अजून मोडलेली नाही, एवढंच.

उभा राहिलेला शेवटचा मुलगा

संभाव्यतेची दुसरी बाजू यशाची आहे. ती शिकवायला मी एक खेळ घेतो. सोळा मुलं उभी करायची. प्रत्येकानं नाणं उडवायचं. काटा आला तो खाली बसला, छापा आला तो उभा राहिला. साधारण चार फेऱ्यांत एखाद-दोन जण उरतात. मग त्या शेवटच्याची मुलाखत घ्यायची: 'तुमच्या यशाचं रहस्य काय?' एका मुलानं अतिशय गंभीरपणे सांगितलं होतं, 'मी नाणं अंगठ्यावर नीट ठेवतो आणि मन शांत ठेवतो.' सगळा वर्ग हसला. तो मात्र हसला नाही, त्याला खरंच तसं वाटत होतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला ऑनलाइन फँटसी क्रिकेटमध्ये दीड कोटी रुपये लागले. पुढे त्याचं निलंबन झालं. पण आमच्या मुलांच्या लक्षात राहिले ते दीड कोटी. जिंकणारा एक जण टीव्हीवर येतो, हरणाऱ्यांची मुलाखत कुणी घेत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. कायदा असो नसो, सोळातला सोळावा मुलगा पाहिलेल्या पोराला त्या जाहिरातीकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं.

याच नजरेचा एक नमुना पुण्यातलाच आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली. त्यात नरेंद्र दाभोलकरही होते. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांची उत्तरं आली. सरासरी यश पन्नास टक्क्यांच्याही थोडं खाली, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. सर्वांत जास्त गुण चाळिसात चोवीस. आता 'किमान एकदा' आठवा. सत्तावीस माणसांनी चाळीस-चाळीस वेळा नुसतं नाणं उडवलं, तर त्यांतल्या किमान एकाचे चोवीस किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ९५ टक्क्यांहून अधिक आहे. त्या चोवीसवाल्याला एकट्याला बघितलं तर तो जाणकार वाटतो. सत्तावीस जणांत बसवला की तो आपला अंगठ्यावर नीट नाणं ठेवणारा मुलगा होतो.

मुलं आळशी होतील का

एका पालकांनी मला स्पष्टच विचारलं: हे सगळं या वयात कशाला? यशात नशिबाचा वाटा असतो असं बाराव्या वर्षी सांगितलं तर पोरं अभ्यास कशाला करतील?

प्रश्न रास्त आहे. पण नशिबाची गोष्ट मुलांना आपण आधीच सांगत असतो, फक्त वाईट पद्धतीनं. घरी पत्रिका असते, क्लासच्या होर्डिंगवर 'मेहनत म्हणजे यश' असतं. पहिली म्हणते सगळं ठरलेलं आहे, दुसरं म्हणतं सगळं तुझ्या हातात आहे. नापास झालेल्या पोरासाठी दोन्ही क्रूर आहेत. संभाव्यता मधलं आणि खरं वाक्य सांगते: प्रयत्नानं शक्यता वाढते, पण ती एक होत नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीत माझा अभ्यास होता. मराठी-इंग्रजी दोन्ही वाचणारं घर, लोकलच्या अंतरावरचं कॉलेज आणि मी पास झालो त्या वर्षी कंपन्यांना माणसं हवी असणं, हेही त्यात होतं. यातलं एक माझं, बाकीचं मिळालेलं. असा हिशोब करणाऱ्याला आपल्या यशाची लाज वाटायचं कारण नाही. तो दुसऱ्याच्या अपयशाला आळस म्हणायच्या आधी थांबेल, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. चार माणसं मेली, त्यांच्या घरच्यांना टक्केवारी काय सांगणार? काहीच नाही. ज्याच्यावर वेळ येते त्याच्यासाठी ती शंभर टक्के असते. संभाव्यता सांत्वनाच्या कामाची नाही. ती फक्त आधी उपयोगी पडते, आधी म्हणजे पूल उभा असताना. म्हणून तर ती लहानपणी शिकवायची.

वनपर्वातल्या नलाच्या गोष्टीत हेच आहे असं मला वाटतं. नल द्यूतात राज्य हरतो, कारण त्याच्या अंगात कली शिरलेला असतो. पुढे तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. रथातून जाताना राजा बेहड्याच्या एका झाडावरच्या पानांची आणि फळांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून मोजतो, संख्या बरोबर निघते. मग घोड्यांच्या विद्येच्या बदल्यात तो राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म शिकतो. आणि ते शिकताक्षणी कली त्याच्या शरीरातून बाहेर पडतो. त्या काळी बेहड्याच्या फळांचेच फासे करत. ज्या झाडानं माणूस बुडवला, त्याच झाडाखाली तो मोजायला शिकला.

मुलांना काय शिकवावं हा प्रश्न तळेगावात जुना आहे. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय इथे होतं, राष्ट्रीय शिक्षण देणारं. १९१० मध्ये इंग्रज सरकारनं ते बंद पाडलं. त्या सरकारला शाळेतल्या शिक्षणाची भीती वाटली, म्हणजे ते शिक्षण कामाचं असणार. आज कुणाला सातवीतल्या संभाव्यतेची भीती वाटायचं कारण दिसत नाही. पण 'या पुलाला वर्षात किती रविवार?' असं विचारणारी मुलं पंधरा वर्षांनी ग्रामसभेत बसतील, नगरपरिषदेत निवडून येतील, बांधकाम खात्यात फाईलवर सही करतील. तेव्हा फलक लावून मोकळं होणं जरा अवघड जाईल.

त्यासाठी लागतं काय? दोन वेगवेगळी नाणी, एक फासा, एक वही आणि दहावीपर्यंत थांबायचं नाही एवढा निर्णय.